बाराव्यातला मंगळ

माझं अक्षर चांगलं होतं, आणि माझ्या आयुष्याचं पुढे जे काही झालं त्याला हे अक्षरच कारण झालं, असं मी म्हटलं की घरातले हसतात. हसू देत. त्यांनी ते अक्षर पाहिलेलं नाही. आता हात कापतो, रेघ सरळ येत नाही, आणि हे लिहितेय तेही नातीला पुन्हा उतरवून काढावं लागणार आहे. पण त्या वेळी सोलापुरात आमच्या ओळखीच्या घरांतून मंगलाष्टकं, मानपत्रं, मुंजीची आमंत्रणं असं काहीही लिहायचं निघालं की लोक अण्णांकडे येऊन म्हणत, "मास्तर, तुमच्या इंदूकडून तेवढं लिहून हवं." अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवायचे. मला त्यांनी पाचव्या वर्षापासून शुद्धलेखन घातलं, ते रोज, अगदी दिवाळीतसुद्धा. त्यांची पद्धत ठरलेली होती. हातात पुस्तक धरून ओसरीवर येरझारा घालायच्या, एकेक तुकडा दोनदा म्हणायचा, तिसऱ्यांदा विचारलं तर सांगायचं नाही. लिहून झालं की तांबडी पेन्सिल घेऊन ते ओळीओळीवरून बोट फिरवत. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं त्यांच्या नजरेतून कधी सुटलं नाही. चूक सापडली की रागवायचे नाहीत, नुसतं "अहं" म्हणायचे, आणि त्या "अहं"ची मला माराहून जास्त धास्ती वाटायची. मी त्यांची एवढी लाडकी होते की आई चिडून म्हणायची, "तुमच्या पाठीमागं शाईची दौत घेऊन हिंडायला एक पोरगी दिलीय देवानं, आता मला चुलीपाशी बसायला दुसरी द्या म्हणावं." दुसरी होतीही, माझी धाकटी बहीण कुसुम, पण ती तेव्हा अगदीच लहान होती.

आम्ही भवानी पेठेत भाड्याच्या घरात राहायचो. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे परस. भिंतीला भिंत लागून तेलुगू विणकर नरसव्वाचं घर आणि तिच्या घरात दोन हातमाग. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ भिंतीपलीकडून खटॅक-खट सुरू व्हायचं. आमच्या फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं त्या तालावर बारीक वाजत. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना त्या आवाजात चैन पडत नसे. आमचं उलटं होतं, माग मध्येच थांबला की आई हातातलं काम ठेवून विचारायची, "नरसव्वाला बरं न्हाय का काय?" आई सांगोल्याकडची. तिचं बोलणं कधी पेठेतलं असे, कधी माहेरचं. पाण्याच्या बाबतीत मात्र ती शेवटपर्यंत सांगोल्याचीच राहिली. तांदूळ धुतलेलं पाणी परसातल्या दोडक्याच्या वेलाला गेलं नाही तर तिला जेवण गोड लागत नसे. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाची चटणी, एवढ्यावर आम्ही भाकरी खाल्ली आणि कधी तक्रार केली नाही. त्या चटणीची वाटी भिंतीवरून नरसव्वाकडे जायची. नरसव्वाकडून मात्र शिजलेलं काही यायचं नाही, अंबाडीची जुडी यायची, कच्ची, मातीसकट. याबद्दल दोघींत कधी एक शब्द झाला नाही. काय भिंतीवरून जायचं आणि काय नाही हे दोघींनाही न सांगता ठाऊक होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

वावगं अण्णांना वाटायचं, निदान तसं ते बोलायचे. एका वर्षी उन्हाळ्यात वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, विषय होता पोटजातींचं कुंपण. ते व्याख्यान त्यांनी मला सांगून लिहून घेतलं, त्यामुळे त्यातली वाक्यंच्या वाक्यं माझ्या अजून लक्षात आहेत. आम्ही देशस्थ ऋग्वेदी. आमच्यासारखेच दिसणारे, आमच्यासारखंच बोलणारे देशस्थ यजुर्वेदी गावात पुष्कळ. पंगतीला शेजारी बसायचं, एकमेकांकडे जेवायचं, पण मुलगी द्यायची नाही. श्रावणात जानवं बदलायचा आमचा दिवस वेगळा, त्यांचा वेगळा. आमच्यात मामाची मुलगी हक्कानं करून घेतात, तर त्यांच्यात आईचं गोत्रसुद्धा टाळतात. एवढ्यावरून म्हणे आमची शाखा निराळी. अण्णा त्या दिवशी टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "सुरुवात दुसऱ्याच्या घरापासून करायची नसते, आपल्या उंबरठ्यापासून करायची असते!" टाळ्या पुष्कळ झाल्या. आज नातवंडांना हे सांगितलं तर त्यांना हसू आवरत नाही. ब्राह्मणांतल्या ब्राह्मणांत, त्यातही देशस्थांतल्या देशस्थांत लग्न करा म्हणून सांगायला एवढा मोठा माणूस घसा कोरडा करतोय! भिंतीपलीकडच्या नरसव्वाचा किंवा वेशीबाहेरच्या वस्तीचा त्या व्याख्यानात नावालाही उल्लेख नव्हता. पण मला तेव्हा अण्णा फार मोठे वाटले. मी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसले होते, आणि पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेत भास्करराव बसले होते.

भास्करराव अण्णांच्याच शाळेत गणित शिकवायचे. नव्यानं लागलेले, सडसडीत, बोलताना एका बाजूला मान कलती करणारे. जेऊरकडचं यजुर्वेदी कुळकर्ण्यांचं घर, वडील लहानपणीच गेलेले, घरात एकटी आई. मी इंग्रजी सहावीत होते, पुढच्या वर्षी मॅट्रिक. बीजगणितात माझी बोंब होती, म्हणून अण्णांनीच त्यांना सांगितलं, रविवारी येऊन हिला जरा शिकवत जा. ते ओसरीवर बसून शिकवत, आई दारात धान्य निवडत बसलेली असे, अण्णा आत-बाहेर करत. चोरून काही घडायला जागाच नव्हती आणि काही घडलंही नाही. फक्त एकदा माझं एक अवघड गणित सुटलं, तेव्हा ते वही उचलून आईला म्हणाले, "काकू, हिला मॅट्रिकवर थांबवू नका. ही ट्रेनिंग कॉलेजला जाईल, शाळेत शिकवेल." आई म्हणाली, "तितपर्यंत थांबणारा नवरा कुठनं आणायचा?" भास्करराव वहीत बघत म्हणाले, "मिळेल की." त्यांचे कान लाल झाले होते. मी उठून आत गेले आणि उगाच पाणी प्याले. पुढे कुणाकुणाला प्रेमाच्या मोठमोठ्या गोष्टी सांगताना ऐकलं. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि मला ते पुरलं असतं.

व्याख्यानानंतर महिनाभरात भास्करराव आईला घेऊन आमच्याकडे आले आणि सरळ मागणी घातली. त्यांच्या आईचा जन्म गावात गेलेला, बोलणं अगदी तिकडचं. आमच्या आईला त्या म्हणाल्या, "शाखेचं माज्याबी मनात हुतं ओ. पन ह्यो म्हंतो, मास्तर येवडं सभेत बोलले, त्यांच्या पोरीला न्हाई मागायचं तर कुनाच्या? मग म्हनलं, चला." मी आतल्या खोलीत सुपात शेंगा घेऊन बसले होते आणि हातातली एकच शेंग कितीतरी वेळ सोलत होते. अण्णांनी पानाचं तबक पुढे सरकवलं. मग म्हणाले, "आनंदाची गोष्ट आहे. फक्त पत्रिका तेवढी बघून घ्या." आईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं असणार, कारण पाहुणे गेल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, "तुमी कधीपासून पत्रिका मानायला लागला?" अण्णा म्हणाले, "मी मानत नाही. पण त्या बाईंचं एक मन आपण मोडतोय, दुसरं मोडायला नको." मला हे ऐकून अण्णांचा अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी ही बातमी भिंतीवरून नरसव्वाकडे गेली. तिला त्यातली अडचणच कळेना. ती आईला म्हणाली, "तुमचा देव एक, जेवण एक, भाषा पण एकच. मग येगळं काय हाय ओ? आमच्यात तर मामाच्या घरात देतंय, लांब जातच नाय." आईनं चटणीची वाटी भिंतीवर सरकवली. ती म्हणाली, "असतंय काहीतरी."

पत्रिकेची नक्कल मीच करायची असं ठरलं. रविवारची सकाळ होती. मूळ पत्रिकेचा कागद घड्यांवर फाटायला आला होता, म्हणून अण्णा तो खाली ठेवेनात. स्वतः हातात धरून सांगू लागले, आणि मी पाटावर कागद ठेवून नवा बोरू शाईत बुडवला. आमची नेहमीचीच बैठक. ते येरझारा घालताहेत, एकेक तुकडा दोनदा सांगताहेत, भिंतीपलीकडे माग चालू आहे. मी आधी कुंडलीचा चौकोन आखला, आतल्या रेघा मारल्या, बारा घरं पाडली. घरं कुठून मोजायची तेवढं अण्णांनी दाखवलं, बाकी मला त्यातलं काही कळत नव्हतं. आमच्या घरात ग्रहांची चर्चा कधी झालीच नव्हती. रवी इथे, बुध तिथे, गुरू अमक्यात. मग अण्णा खिडकीपाशी थांबले. रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाराव्यात मंगळ." आणि मग पुन्हा, "बाराव्यात मंगळ." मी वरच्या उजव्या कोपऱ्यातलं बारावं घर शोधलं आणि त्यात सुरेख "मं" काढला. अनुस्वार अगदी गोल. लिहून झाल्यावर अण्णांनी नेहमीप्रमाणे ओळीओळीवरून, घराघरावरून बोट फिरवलं. त्या दिवशी कुठेही "अहं" झालं नाही. "छान," म्हणाले. मी चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं. कुणाकडे जाणार आहे हे ठाऊक असल्यामुळे मी आयुष्यात इतकं सुंदर दुसरं काही लिहिलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाराव्या घरात मंगळ असलेली मुलगी मंगळाची. तिला साधा नवरा केला तर तो दगावतो असं मानतात. तिला मंगळाचाच वर बघावा लागतो. अकराव्या घरात असला तर काही नाही, मुलगी स्वच्छ. दोन घरांच्या मध्ये एक तिरकी रेघ.

चार दिवसांनी भास्कररावांची आई एकटीच आली. चहाला हात लावला नाही. पत्रिका आईच्या ओटीजवळ ठेवून म्हणाली, "पोर लई गुनाची हाय. शाखेचं मी मनातनं काढलं हुतं, खरं सांगते. पन मला हा येकच हाय ओ वैनी. जोशीबुवा म्हनले, बाराव्यातला हाय, कडक हाय. मी काय करू सांगा." आणि ती रडायला लागली. आईही रडायला लागली. संध्याकाळी भास्करराव आले. त्यांना मंगळ-बिंगळ काही मानायचं नव्हतं, ते आईची समजूत घालायला तयार होते, फक्त मास्तरांनी आपल्या बाजूनं दोन शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं होतं. गावात अण्णांच्या शब्दाला वजन होतं, त्यांनी सांगितलं असतं तर ती बाई ऐकती. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी दाराआडून बघत होते. म्हणाले, "भास्कर, आईच्या जिवाला घोर लावून संसार सुखाचा होत नाही. माझं ऐक." भास्करराव मान खाली घालून गेले. पुढच्या महिन्यात बार्शीच्या शाळेत जागा झाली म्हणून त्यांनी सोलापूर सोडलं आणि वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं, त्यांच्यातल्याच मुलीशी. अण्णा त्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाले, "दैवात नव्हतं, इंदू." दैव हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मला वाटलं, माझ्यासाठी त्यांना इतकं दुःख झालंय की ते दैवसुद्धा मानायला लागलेत. त्यांचं दुःख कमी व्हावं म्हणून मी त्यांच्यासमोर रडले नाही. या एका गोष्टीचा मला आजही इतका संताप येतो की लिहिताना बोरू नव्हे, पेनसुद्धा मोडावंसं वाटतं.

मग आमच्यातली स्थळं बघायला सुरुवात झाली. मला काय, कुठेही पाठवा अशी स्थिती. पण अण्णांचा हिशेब वेगळा होता, तो मला नंतर कळला. आता पत्रिका मूळचीच जाणार होती. ती स्वच्छ, मुलगी शिकलेली, घर चांगलं, सहा महिन्यांत सगळं मार्गी लागेल. ते एक विसरले. आमच्यातल्या आणि त्यांच्यातल्या बायका हळदीकुंकवाला एकमेकींकडे जातात, आणि जोशीबुवा सगळ्यांचे तेच. मास्तरांची इंदू कडक मंगळाची, ही बातमी पेठेपेठेतून फिरून आली होती. पहिल्या दोन स्थळांनी काही कळवलंच नाही. तिसरं अक्कलकोटकडचं. मुलाचे वडील स्वतः आले, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे, रोखठोक. आईनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती. ताटल्या घेऊन मी ओसरीवर गेले तेव्हा ते पत्रिका गुडघ्यावर पसरून बसले होते. म्हणाले, "मास्तर, हे बरं नव्हे. जोशीबुवांनी तुमच्या मुलीची पत्रिका डोळ्यांनी बघितल्याली. मंगळ बाराव्यात होता. ह्यात तो अकराव्यात आला कसा? चालत आला काय?" त्यांच्याबरोबरचा माणूस हसला.

मी तिथेच उभी राहिले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "इंदू, ती आधीची नक्कल तूच केली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

"बघा," अण्णा पाहुण्यांना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुकाचा सूरसुद्धा होता, "पोरवय आहे. एका घराऐवजी दुसऱ्यात लिहिला. हिच्या एका चुकीनं आमच्यावर ही वेळ आली."

पाहुण्यांनी सुशीला खाल्ली, चांगली झालीय म्हणाले, आणि पत्रिका परत ठेवून गेले. जे खरं होतं ते त्यांना खोटं वाटलं. मी आत जाऊन बसले. खरं सांगते, मला आधी अण्णांचा संशय आलाच नाही. मला वाटलं, खरंच की काय! माझा हात चुकला, माझ्या हातानं मी स्वतःचं वाटोळं केलं. दोन दिवस मी जेवले नाही. आई म्हणाली, "अगं हुतंय चुकून." आणि तिनं ते "चुकून" म्हटल्यावर माझ्या कानात ते दोनदा म्हटलेलं आलं. खिडकीपाशी उभे राहून, रस्त्याकडे बघत, दोनदा. मी ट्रंकेतून मूळ पत्रिका काढली. "मं" अकराव्यात होता. मग मला दुसरी गोष्ट आठवली. लिहून झाल्यावर त्यांनी बोट फिरवलं होतं आणि "छान" म्हटलं होतं. माझी वेलांटी चुकलेली ज्यांना लांबून दिसायची त्यांना भलत्याच घरात पडलेला मंगळ दिसला नाही?

अण्णा ओसरीवर वह्या तपासत होते. मी पत्रिका त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "अण्णा, तुम्ही बाराव्यात म्हणाला होता." त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "दोनदा म्हणालात."

हातातली वही मिटून ते बोलले. "भास्करला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होतो? सभेत सगळ्यांसमोर बोललो होतो मी."

"मग हो म्हणायचं."

"हो म्हणून? सांगोल्याला तुझ्या आजोळी देवकार्याला कोण उभं करेल आपल्याला? उद्या कुसुमचं आहे. तुला आपल्या माणसांत ठेवायचं होतं मला. पत्रिका स्वच्छ आहे, आपल्यातलं चांगलं स्थळ सहज मिळेल असं वाटलं. एवढं पसरेल हे वाटलं नव्हतं." मग तांबडी पेन्सिल खाली ठेवून, "मी स्वतः लिहायला बसलो होतो. हात होईना."

म्हणून माझा घेतला. हे मी तेव्हा म्हटलं की नाही आठवत नाही. तोंडातून आलं नसेल तरी मनात आलं होतं. आई दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "अजून काय बिघडलं न्हाई. जोशीबुवांना जाऊन सांगा, मी मुद्दाम खोटं सांगितलं. पोरीवरचं बालंट तेवढं काढा." अण्णांनी तांबडी पेन्सिल उचलली, पुढची वही ओढली आणि म्हणाले, "शाळेत तोंड कसं दाखवू मी?" यापुढे त्या विषयावर आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. त्यांच्या तोंडाचा आणि माझ्या आयुष्याचा प्रश्न होता, आणि त्यांनी तोंड राखलं. मला यजुर्वेद्यांकडे दिली नाही याचा राग एखाद्या वेळेस विरून गेला असता. सरळ नाही म्हणाले असते तर मी रडले असते, आणि पोटभर रडून झाल्यावर बाप म्हणून त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवलं असतं.

माझं लग्न सांगोल्याला झालं. मंगळाचा वर, बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, कचेरीत कारकून, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठे. या वेळी मीच लिहिलेली नक्कल पाठवली, कारण तिच्यात मंगळ होता. सगळे म्हणाले, चला, आपल्यातच पडली. मॅट्रिकचा फॉर्म भरायचा राहिला. माझे यजमान वाईट नव्हते. त्यांना ताकाची कढी आवडायची, ते कधी हात उगारायचे नाहीत, आणि दरवर्षी वाढदिवसाला ते गमतीनं म्हणायचे की तुझ्या मंगळानं माझा मंगळ धरून ठेवलाय. मी त्यांना शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. त्यांचा तो एक विश्वास होता, तो काढून घेऊन मला काय मिळणार होतं?

सांगोल्याहून मी दर पंधरा दिवसांनी घरी पत्र लिहायची. पत्र आईच्या नावानं. "ती. सौ. आईस सा. न." अशी सुरुवात, आणि मग विहिरीचं पाणी खाली गेलं (तेव्हा टँकर नव्हते), सासूबाईंचे गुडघे, मुलाला दात आले. आईला अक्षरओळख नव्हती. म्हणजे प्रत्येक पत्र अण्णाच तिला वाचून दाखवणार हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी त्यात अण्णांचं नाव कधी लिहिलं नाही. एकदाही नाही. कुसुमला आशीर्वाद, नरसव्वा कशी आहे विचारल्याचं सांग, दोडक्याच्या वेलाची चौकशी. अण्णांना नमस्कार नाही. त्यांनी चष्मा लावून, माझ्या त्याच अक्षरातलं ते शेवटपर्यंत वाचावं आणि स्वतःला शोधत राहावं, एवढीच माझी शिक्षा होती. माहेरपणाला गेले तरी मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे. वर्षानुवर्षं हे चाललं. ते कधी एका शब्दानं म्हणाले नाहीत की इंदू, मला लिहीत नाहीस.

अण्णा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "काही म्हण, तुझ्या पत्रात त्यांना नमस्कार कधी चुकला न्हाई बघ."

मी म्हटलं, "काय?"

"शेवटी असायचं की गं. 'अण्णांना माझा साष्टांग नमस्कार, त्यांची फार आठवण येते.' दर पत्रात. तेवढं वाचायचे आणि चष्मा काढून पुसत बसायचे. मग म्हणायचे, पोरीनं मनात काही ठेवलं न्हाई."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. किती वर्षं, किती पत्रं! जे मी लिहिलं नव्हतं ते माझ्या तोंडी घालून तो माणूस दर पंधरा दिवसांनी आईला वाचून दाखवत होता. मला दया यायला हवी होती असं माझी मुलगी म्हणते. मला दया आली नाही. मला वाटलं, पुन्हा माझ्याच नावावर, पुन्हा मला न विचारता.

आई माझ्याकडे बघत होती. तिची नजर मंद झाली होती, पण इतकीही नाही. म्हणाली, "लिहायचीस की गं तसं?"

मी म्हटलं, "लिहायची की."

आईसाठी म्हटलं. अण्णांना मी माफ केलं नव्हतं, आणि अजूनही केलेलं नाही.